पुराचे प्रतिमान आणि पूर्णेचे खोरे

काव्य, नाटक व कादंबरी यांखेरीज अन्य लेखनाचे परीक्षण वाङ्मयीन मासिकाने करावे काय, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, जे लेखन प्रमाण मानून लोक घर बांधतात किंवा सोडतात, ज्याच्या आधारे सरकार जमिनीवर रेषा ओढते आणि ज्यावर विसंबून माणसे पावसाळ्याच्या रात्री निर्धास्त निजतात, ते लेखन टीकेच्या कक्षेबाहेर राहणे इष्ट नव्हे. नदीच्या पुराचे संगणकीय प्रतिमान हे अशा प्रकारचे लेखन होय. ते आकड्यांत लिहिलेले असते, नकाशाच्या रूपाने प्रसिद्ध होते आणि त्याचा कर्ता बहुधा अनामिक असतो, हे खरे. तथापि कोणत्या गोष्टी सांगावयाच्या आणि कोणत्या गाळावयाच्या, याचा निर्णय त्याही कर्त्यास पदोपदी करावा लागतो. आणि जेथे निवड आहे तेथे टीकेस अवकाश आहे. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला या दोन वऱ्हाडी जिल्ह्यांच्या नद्या समोर ठेवून या लेखनप्रकाराचे गुणदोष पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम प्रतिमान म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पाऊस पडला असता त्यातील किती पाणी जमिनीत मुरते व किती वाहून नाल्याओढ्यांस मिळते, हा त्याचा पहिला भाग. ते पाणी नदीच्या पात्रातून पुढे सरकताना कोठे किती उंच चढते व किती वेळाने उतरते, हा दुसरा. दोन्ही भागांची गणिते संगणकाहून पुष्कळ जुनी आहेत. वाहत्या पाण्याची मूळ समीकरणे फ्रान्समधील सँ-व्हेनाँ याने १८७१ साली मांडली. पात्राचा उतार, त्याचा आकार व त्याचा खडबडीतपणा यांवरून पाण्याचा वेग काढण्याचे सूत्र आयर्लंडातील मॅनिंग या अभियंत्याने १८८९ साली सुचविले. ठरावीक पावसाने नदीत येणाऱ्या पुराचा आलेख कसा काढावा, हे अमेरिकेतील शर्मन याने १९३२ मध्ये दाखविले. समीकरणे होती, पण ती लांबच लांब नदीसाठी क्षणाक्षणाला सोडविणे मनुष्याच्या हातास अशक्य होते. १९५० नंतरच्या दशकात ओहायो नदीच्या पुराचे गणित इलेक्ट्रॉनिक यंत्रावर करून पाहण्यात आले आणि तेथून हा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेच्या सैन्यातील अभियंत्यांनी १९६४ साली या कामासाठी एक केंद्र काढले. त्यांनी १९९५ मध्ये प्रसृत केलेला ‘हेक-रास’ हा संगणककार्यक्रम आज कोणासही विनामूल्य मिळतो आणि आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही तो सर्रास वापरतात. म्हणजे साधन दुर्लभ राहिलेले नाही. साधन सुलभ झाले की कृतींची संख्या वाढते. आणि संख्या वाढली की बऱ्यावाइटाची निवड करण्याची जबाबदारी टीकेवर येते.

आता ज्या भूमीवर हे गणित चालवावयाचे ती भूमी पाहू. अमरावती जिल्ह्यात पडणारे पावसाचे पाणी दोन समुद्रांस जाते. पूर्वेकडील पाणी वर्धेस मिळून गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास पोहोचते. पश्चिमेकडील पाणी पूर्णेस मिळून तापीवाटे अरबी समुद्रास जाते. ही पूर्णा सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात उगम पावते, अमरावती, अकोला व बुलढाणा हे जिल्हे ओलांडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवापाशी तापीस भेटते. उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर व वान, दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा व मन अशा नद्या तिच्यात येतात. यांपैकी पेढीचे नाव गाडगेबाबांच्या अखेरच्या प्रवासामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. मोर्णा अकोला शहराच्या मधून, असदगडाच्या पायथ्याशी वाहते. पूर्णेचे पाणलोट क्षेत्र सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तापीच्या एकूण खोऱ्याच्या चतुर्थांशाहून अधिक आहे.

एवढी मोठी नदी असूनही पुराच्या शास्त्रीय लेखनात तिचे स्थान काय आहे? तापीच्या पुराविषयी जे लिहिले जाते त्याचा नायक बहुधा सुरत शहर असते. यास सबळ कारण आहे. १९६८ च्या ऑगस्टात आणि उकाई धरण झाल्यावरही २००६ च्या ऑगस्टात सुरतेत जो हाहाकार झाला, तो विसरण्यासारखा नाही. उकाई जलाशयात किती पाणी येणार हे आधी कळावे म्हणून वरच्या खोऱ्यातील पावसाचे व विसर्गाचे गणित करणे प्राप्तच आहे, आणि त्यासाठी केंद्रीय जल आयोग पूर्णेवर गोपालखेड, लाखपुरी व येरळी येथे पाणी मोजत आला आहे. आमची तक्रार या गणिताविषयी नाही. परंतु त्या कथेत वऱ्हाडची भूमिका केवळ पाणी पुरविणाऱ्याची असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. येरळीला किती घनमीटर पाणी गेले, हे तीत असते; ते पाणी येरळीपर्यंत येताना कोणाच्या तुरीतून व कोणाच्या ओसरीतून आले, हे तीत नसते. एकच नदी, एकच पूर आणि एकच समीकरण. पण कथा कोणासाठी सांगावयाची हे ठरताच तिच्यातील माणसे बदलतात. प्रतिमान निःपक्षपाती असते असे जे मानतात त्यांनी एवढ्या एका उदाहरणाचा विचार करावा.

वऱ्हाडासाठी स्वतंत्र प्रतिमान करावयाचे ठरले तर त्याची पहिली परीक्षा जमिनीच्या ज्ञानात आहे. पूर्णेचे खोरे म्हणजे काळ्या, खोल, चिकण मातीचा प्रदेश. ही माती उन्हाळ्यात फाटते. तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस या भेगांतून खाली उतरतो आणि नाल्यास फारसे पाणी येत नाही. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन जणू सारवलेल्या अंगणासारखी होते; मग पडेल ते पाणी ती वाहून देते. म्हणून जूनच्या आरंभी पडलेले १०० मिलीमीटर आणि जुलैच्या अखेरीस पडलेले १०० मिलीमीटर हे आकडे एक असले तरी पूर एक नव्हेत. खारपाणपट्ट्यात तर पाण्याचा निचरा आधीच कुंठित झालेला असतो. आता रूढ पद्धत अशी की, जमिनीचा प्रकार व तिच्यावरील पीक पाहून एक अंक कोष्टकातून घ्यावयाचा व त्यावरून वाहून जाणारे पाणी काढावयाचे. ही पद्धत अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याने गेल्या शतकाच्या मध्यास तेथील लहान पाणलोटांवरून बसविली. तीत जमीन आधी किती ओली होती याचा विचार करण्याची सोय आहे. परंतु घाईने काम करणारा कर्ता संपूर्ण पावसाळ्यासाठी एकच अंक धरून पुढे जातो. अशा वेळी दोष कोष्टकाचा नसतो. परक्या प्रदेशातील उपमा उचलून आपल्या काव्यात बसविणाऱ्या कवीस आपण जो दोष देतो, तोच येथे द्यावा लागेल.

जमिनीच्या उंचीचीही तीच कथा. पाणी उताराने जाते, म्हणून प्रतिमानास भूमीची उंची जागोजाग ठाऊक असावी लागते. प्रत्यक्ष मोजणी खर्चाची असल्यामुळे पुष्कळ अभ्यासक, फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारने घेतलेली उंची वापरतात. ती सर्वांस मिळते, हा तिचा मोठा गुण. परंतु तीत साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनास एक अंक दिलेला असतो, तो पूर्ण मीटरांत असतो, आणि त्यात काही मीटरांची चूक संभवते. सह्याद्रीच्या दरीत अशा चुकीने फारसे बिघडत नाही. पूर्णेच्या काठचे मैदान मात्र इतके सपाट आहे की, तेथे एक मीटर पाणी चढले तर ते आडवे दूरवर पसरते. गावाचे पांढरीचे टेकाड आणि त्याखालचे वावर यांतील फरक एकदोन पुरुषांचा. तोच जर नकाशाच्या चुकीत बुडाला, तर कोण बुडाले व कोण तरले हे तो नकाशा कसे सांगणार? बांध, रस्त्याचा भराव आणि नाल्याचे अरुंद पात्र यांचा तर त्या चौकोनांत मागमूसही लागत नाही. नदीचे काटछेद प्रत्यक्ष पाण्यात उतरून घेतल्यावाचून जे प्रतिमान तयार होते, त्यास आम्ही मैदानी मुलुखात अपुरे समजू, मग त्यातील रंग कितीही मनोहर असोत.

दुसरी परीक्षा फुगवट्याची. वऱ्हाडातील पूर हा नेहमी नदी काठ सोडून धावते अशा स्वरूपाचा नसतो. पूर्णा भरून चालली असता तिला मिळणाऱ्या नद्यानाल्यांस तोंड उरत नाही. त्यांचे पाणी अडते, मागे सरते आणि मुख्य नदीपासून दूर असलेल्या शेतांत व वस्त्यांत तुंबून राहते. त्या नाल्याच्या डोक्यावर पाऊस थांबलेला असला तरी पाणी चढतच असते. आता जो अभ्यासक उपनदीचेच प्रतिमान करतो आणि तिच्या मुखाशी पाणी आपल्या उताराने सुखाने निघून जाते असे गृहीत धरतो, तो हा पूर आपल्या कथेतून आधीच वगळून बसतो. त्याचे पुढील सर्व गणित बिनचूक असेल. परंतु शेवटच्या अंकात येणारे पात्र पहिल्याच पानावर मारून टाकल्यावर नाटक कितीही सुरळीत चालले, म्हणून काय झाले? सांगली-कोल्हापुराकडे २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर फुगवटा या शब्दावर मोठा वाद माजला आणि तो सर्वतोमुखी झाला. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यासाठी, जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, पावसाच्या व धरणांच्या ताज्या आकड्यांवर चालणारी प्रणालीही बसविण्यात आली. वऱ्हाडातील फुगवटा मोठ्या शहरांस वेढीत नाही, म्हणून त्याविषयी वाद होत नाही. आणि वाद होत नाही म्हणून तो गणितातही उतरत नाही.

पात्राच्या अवस्थेचा प्रश्न याच्याच शेजारचा आहे. अकोल्याच्या मोर्णेत जलकुंभी इतकी माजली होती की, २०१८ च्या जानेवारीत ती काढण्यासाठी हजारो नागरिक पात्रात उतरले. त्या मोहिमेचे कौतुक स्वच्छतेच्या नात्याने झाले व ते योग्यच होते. परंतु पुराच्या गणितातही त्या वनस्पतीस स्थान आहे. मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाचा जो अंक येतो, तो स्वच्छ सरळ पात्रास ०.०३ च्या सुमारास धरतात. गवताने भरलेल्या संथ पात्रास ०.०७ किंवा त्याहूनही अधिक. हा अंक असा वाढला असता रुंद पात्रातून तेवढेच पाणी नेण्यासाठी पाण्याची खोली दीडपटीहून अधिक व्हावी लागते. म्हणजे नदी स्वच्छ असताना जे पाणी काठाच्या आत राहील, तेच ती माजलेली असताना दारात येईल. २२ जुलै २०२१ रोजी संपलेल्या चोवीस तासांत अकोल्यात सुमारे २०० मिलीमीटर, म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ चतुर्थांश पाऊस झाला आणि मोर्णेचे व नाल्यांचे पाणी वस्त्यांत शिरले. अशा रात्रीचे प्रतिमान करणाऱ्याने कोणत्या महिन्यातील, कोणत्या अवस्थेतील मोर्णा धरली हे आपल्या लेखनात स्पष्ट लिहिले पाहिजे. ‘खडबडीतपणाचा अंक योग्य घेतला’ एवढेच लिहिणे म्हणजे नायिकेचे वर्णन ‘ती सुंदर होती’ एवढ्यावर आटोपण्यासारखे आहे.

तिसरी परीक्षा भाषेची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या राज्यात नदीकाठी दोन रेषा ओढल्या जातात. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध आणि दोहोंच्या मध्ये ते नियंत्रित, असा सामान्य नियम. आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द वाचून सामान्य मनुष्य काय समजतो? तो समजतो की, आजोबांच्या वेळी पूर येऊन गेला, आता नातवाच्या म्हातारपणापर्यंत चिंता नाही. शब्दांचा खरा अर्थ एवढाच की, त्या उंचीचा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शंभरांत एक आहे. जो मनुष्य लाल रेषेवर घर बांधून त्यात ३० वर्षे राहील, त्याच्या दारात त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याचा संभव शंभरांत २६ आहे. निळ्या रेषेवर राहणाऱ्यास तो शंभरांत ७० च्या घरात जातो. गणित तेच, परंतु पहिली शब्दरचना झोप आणते आणि दुसरी जागे करते. शास्त्रीय लेखनात अलंकार नसावेत हे आम्हांस मान्य आहे. पण वाचकाच्या मनात विपरीत अर्थ उत्पन्न करणारा शब्द हा अलंकाराहूनही मोठा दोष होय.

शिवाय या रेषा एका केसाइतक्या बारीक काढलेल्या असतात. पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा पूर काढावयाचा, त्यात पावसाचे मानच बदलत चालले आहे, धरणे झाली आहेत, शहरे वाढली आहेत. अशा स्थितीत ती रेषा वस्तुतः एक रुंद पट्टा असते. प्रामाणिक कर्त्यास हे ठाऊक असते आणि तो ते अहवालाच्या आतील पानांत लिहितोही. नकाशावर मात्र पट्टा येत नाही, रेषाच येते. रेषेच्या अलीकडचा मनुष्य बुडणारा आणि पलीकडचा सुरक्षित, असा निर्वाळा त्या शाईने दिला जातो, जो खुद्द गणिताने दिलेला नसतो.

नकाशा आणखी एक गोष्ट गाळतो. तो पाण्याची खोली सांगतो, पण वेग व मुदत सांगत नाही. वऱ्हाडातील शेतकरी पुराचे नुकसान दोन शब्दांत सांगतो: जमीन खरडून गेली, किंवा पीक चिबडले. पहिले वेगाने होते, दुसरे मुदतीने. सातपुड्याच्या पायथ्याशी तासाभराच्या लोंढ्याने वरची सुपीक माती निघून जाते आणि ती कित्येक वर्षांत भरून येत नाही. पूर्णेच्या सपाटीत ढोपरभर पाणी चार दिवस उभे राहिले की कपाशी पिवळी पडून मरते. खोलीच्या नकाशात ही दोन्ही शेते एकाच फिकट निळ्या रंगाची दिसतील. नवलाची गोष्ट ही की, संगणकाने वेग आणि मुदत ही दोन्ही काढलेलीच असतात. ती विचारली कोणी नाही, म्हणून सांगितली गेली नाहीत. पुराच्या दिवशी जी सूचना निघते तिचेही असेच आहे. ‘अमुक धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे,’ हे वाक्य आपण दर पावसाळ्यात वाचतो. हा आकडा धरणावरील अभियंत्यास अर्थपूर्ण असतो. गावातील बाईस त्यातून एवढेही कळत नाही की, पाणी मारुतीच्या पाराच्या कितव्या पायरीपर्यंत येईल आणि दिवेलागणीपूर्वी येईल की नंतर. प्रतिमान ह्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते. ते देत नाही, कारण त्याचा वाचक कोण हे लिहिताना ठरलेलेच नव्हते.

इतके दोष दाखविल्यावर काही मंडळी म्हणतील की, मग हे यंत्र हवे कशाला. गावच्या म्हाताऱ्यास विचारावे, तो पाणी कोठवर येते ते सांगेल. या मताशी आम्ही मुळीच सहमत नाही. म्हाताऱ्यास आलेले पूर ठाऊक असतात, न आलेला पूर ठाऊक नसतो. अमरावती जिल्ह्याच्या सीमेवर वर्धेच्या काठी, नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यात मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेस जो पूर आला त्यात तेथील २०४ माणसे मृत्युमुखी पडली. त्या गावात नदीची ओळख असलेली वृद्ध माणसे नव्हती काय? पिढ्यान्‌पिढ्या ते नदीच्याच काठी राहत होते. परंतु स्मृती ही मागे पाहते. तिने कधी न पाहिलेले पाणी येते तेव्हा तीच घातक ठरते, कारण ‘एवढे पाणी येथवर कधी आले नाही’ या विश्वासाने माणसे घरात थांबतात. अधिक पाऊस पडला तर, तो रात्री पडला तर, वरचा बंधारा फुटला तर, नव्या रस्त्याच्या भरावाने पाणी अडले तर, हे जे ‘तर’ आहेत त्यांचा विचार पूर येण्यापूर्वी करण्याचे सामर्थ्य प्रतिमानात आहे, स्मृतीत नाही. म्हणून प्रतिमान त्याज्य नव्हे. ते चांगले असले पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

आणि चांगले होण्यासाठी त्यास साक्षीदार हवे आहेत. प्रतिमान खरे की खोटे हे ठरविण्याचा एकच मार्ग आहे. मागील एखाद्या पुराचा पाऊस त्यास घालावा आणि त्याने सांगितलेले पाणी प्रत्यक्ष आलेल्या पाण्याशी ताडून पाहावे. मोठ्या नदीवर त्यासाठी आयोगाची मापे मिळतात. लहान नद्यानाल्यांवर बहुधा मापच नसते. तेथे माप म्हणजे भिंतीवरील गाळाची रेघ, शाळेच्या जोत्यावर खडूने केलेली खूण, आणि ‘आमच्या गोठ्याच्या दावणीपर्यंत पाणी होते’ हे वाक्य. अकोला-अकोट मार्गावरील गांधीग्रामच्या जुन्या पुलास पाणी कोठवर लागले यावरून पूर्णेच्या पुराची प्रत ठरविण्याची त्या भागातील लोकांची रीत होती. तीही एक नोंदच होय. या नोंदी कोणी गोळा करीत नाही आणि एक-दोन पावसाळ्यांत चुन्याखाली त्या नाहीशा होतात.

हे काम वऱ्हाडास नवे वाटण्याचे कारण नाही. मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा त्यांनी काय केले? ज्यास ज्यास श्रीचक्रधरांची आठवण होती त्याच्याकडे ते स्वतः गेले, ऐकले ते लिहून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. कोणती गोष्ट कोठे घडली हे त्या संप्रदायास इतके महत्त्वाचे वाटे की, स्थळांची वर्णने देणारी ‘स्थानपोथी’ स्वतंत्रपणे रचली गेली. आणि एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी मिळाल्या तेव्हा पुढील लेखकांनी त्या पाठभेदांसह जपल्या. मराठी गद्याचा आरंभ असा साक्षीपुराव्याच्या शिस्तीत झालेला आहे. कोणी पाहिले, कोठे पाहिले, दुसरा काय म्हणतो, हे तीन प्रश्न पुराच्या अभ्यासकानेही विचारावयाचे असतात. प्रत्येक गावाची एक पूरपोथी असावी. तीत वर्ष, दिवस, पाणी चढण्याची व उतरण्याची वेळ आणि पाण्याने गाठलेली ठिकाणे असावीत. शाळामास्तर, ग्रामसेवक किंवा गावातील लिहिता-वाचता मुलगा हे काम करू शकेल. असे शंभर गावांचे पुरावे हाती आले तर पूर्णेच्या प्रतिमानास जो आधार मिळेल, तो कोणत्याही अंतराळयानातून मिळणार नाही.

पावसाच्या मोजणीबाबत हे थोड्याबहुत प्रमाणात घडले आहे. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आणि चोवीस तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी, हा आकडा आता खेड्यापाड्यांत तोंडपाठ आहे. त्यावर मदत अवलंबून असल्यामुळे आमच्या मंडळात यंत्र चुकले, पाऊस शिवाराच्या दुसऱ्या टोकास पडला, अशी भांडणे होतात. या भांडणांस आम्ही शुभलक्षण समजतो. लोक एका शास्त्रीय मापाची टीका करू लागले आहेत. त्यांस माप कळते, त्याची मर्यादा कळते आणि ते दुरुस्तीची मागणी करतात. पूररेषेच्या बाबतीत असे होत नाही, कारण ती कशी काढली हे कोणास वाचताच येत नाही. अहवाल बहुधा इंग्रजीत, गृहीते परिशिष्टात, आणि परिशिष्ट कार्यालयाच्या कपाटात. ज्याच्या घरावरून रेषा गेली त्यास हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने असला, तरी हरकत कशावर घ्यावयाची हेच त्यास ठाऊक नसेल, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रतिमान हे भविष्यकथन नव्हे. तो एक युक्तिवाद आहे. ‘जमीन अशी असेल, पात्र असे असेल, पाऊस इतका असेल, तर पाणी येथवर येईल,’ असे त्याचे स्वरूप. युक्तिवादाची योग्यता त्याच्या निष्कर्षाच्या ठसठशीतपणावरून ठरत नसून त्यातील ‘असेल’ किती तपासून घेतले यावरून ठरते. ते तपासण्याची सर्वाधिक पात्रता ज्याच्या वावरात पाणी उभे राहते त्याच्याच ठिकाणी आहे. त्याच्यापुढे ती गृहीते मराठीत, साध्या वाक्यांत, गावाच्या खुणांसह ठेवली गेली तर तो सांगेल की, हा नाला इकडून नव्हे तिकडून फिरतो, हा पूल गेल्या वर्षी बुजला, येथील पाणी पूर्णेच्या फुगवट्याने येते. त्यातील काही चूक असेल, काही बरोबर. परंतु त्या चर्चेतून निघालेले दुसरे प्रतिमान पहिल्याहून खचित सरस असेल.

अमरावती व अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालये, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि पाटबंधारे खाते यांच्याकडे हे काम करण्यास लागणारी विद्या आहे. ज्या मराठीत ते लिहावयाचे तिची जोपासना करण्यासाठी ऋद्धिपुरास विद्यापीठही स्थापन झाले आहे. या संस्थांनी एका लहान नदीपासून, समजा पेढीपासून, आरंभ करावा. तिचे काटछेद घ्यावेत, तिच्या काठच्या गावांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, प्रतिमान करावे आणि ते त्या गावांच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावे. तेथे जे आक्षेप निघतील ते सर्व परिशिष्टात न घालता पहिल्या पानावर छापावेत. असा ग्रंथ निघाला तर त्याचे परीक्षण आम्ही याच पानांत आनंदाने करू.